उलट्या क्रमाने लागलेले रीळ

अबुधाबीत, अल रीम आयलंडवरच्या आमच्या घरात आज लेकीने छोटा प्रोजेक्टर लावला. दिवा तापला आणि धुळीचा कोरडा, किंचित करपट वास खोलीभर पसरला. "आई, हा जॅपनीज डायरेक्टर! बघ, कॅमेरा किती लो ठेवतो. एव्हरीवन लर्न्ट फ्रॉम हिम," ती सांगत होती. मी मात्र त्या वासाबरोबर सांगलीच्या फिल्म सोसायटीत पोहोचले होते.

तिथे बाबा प्रोजेक्टर चालवत. जन्मभर घराघरांतल्या साध्या गोष्टी सांगणाऱ्या या दिग्दर्शकाने त्यांना असे वेड लावले होते, की त्याचा चित्रपट असला म्हणजे तेही त्या कॅमेऱ्यासारखे खाली, खुर्ची सोडून सतरंजीवर मांडी घालून बसत. माझे लग्न आठवड्यावर आले होते. अबुधाबीचा व्हिसाही हाती होता. तेव्हा एका संध्याकाळी त्याच्याच चित्रपटाच्या रिळांचा क्रम चुकला. पडद्यावरची मुलगी सासरी गेली, घर ओकेबोके झाले, आणि पुढच्याच रिळात ती माहेरच्या ओसरीवर हसत बसलेली दिसली.

"अहो, पाठवलेली पोरगी परत आणलीत की!" कुलकर्णीकाका ओरडले. "रीळ बदला!"

एरवी कुजबुजही खपवून न घेणारे बाबा हळूच म्हणाले, "आलीच आहे, तर बसू दे तिला घडीभर."

सगळे हसले. मीही हसले. ते रीळ बाबांनी शेवटपर्यंत चालू दिले. तेवढ्या वेळात त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही, हे मला आज लेकीच्या शेजारी बसल्यावर उमगते आहे.