शेवटच्या बाकापर्यंत

मी खाष्ट होते. 'कडक पण प्रेमळ' वगैरे लोक निरोपाच्या भाषणात म्हणतात, ते त्यांचं सौजन्य. मी नुसतीच खाष्ट होते. तेव्हा मला बत्तिसावं लागलं होतं. हैदराबादेत स्पॅनिश शिकून मी आपल्या गावी, चंद्रपूरला परत आले होते आणि विद्यापीठाच्या सर्टिफिकेट कोर्सला शिकवायला दुसरं कोणी मिळेना म्हणून मला घेतलं होतं. चंद्रपुरात स्पॅनिश! नातेवाईक विचारायचे, "हे कोनाच्या कामाचं हाय वो?" मलाही नक्की ठाऊक नव्हतं. आपल्याला काही ठाऊक नसलं की आपण नियम करत सुटतो. मी पहिल्याच दिवशी पानभर नियम छापून नेले.

दहाला वर्ग, दहा पाचला दार बंद. मोबाईल दाराजवळच्या टोपलीत. खाणं नाही, चघळणं नाही, तंबाखूचा खर्रा तर नाहीच नाही. न विचारता जागेवरून उठायचं नाही. शेजाऱ्याला उत्तर पुरवायचं नाही. मराठी, हिंदी, तेलुगू, गोंडी, सगळं चपलांबरोबर बाहेर. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरांत: उत्तर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे, जे ऐकू गेलं नाही, ते दिलंच नाही असं समजून शून्य. हा शेवटचा नियम माझ्या हैदराबादच्या सरांचा. त्यांनी मला त्यावरून रडवलं होतं, म्हणून मला तो फार आवडायचा.

कॉलेजची पोरं कुरकुरली. सावली गावाहून येणारा एक उंच पोरगा होता. त्याला फुटबॉलवाल्यांच्या मुलाखती थेट समजून घ्यायच्या होत्या. आवाज असा, की धानाच्या बांधीवर उभा राहून वैनगंगेपलीकडच्या माणसाला जेवायला बोलावेल. तो म्हणाला, "मॅडम, हे कॉलेज हाय का जेल?"

"जेल," मी म्हटलं. "बस खाली."

नियम आवडले ते फक्त चार जणांना. हे चौघं वाघाच्या जंगलातले गाईड. जंगल मंगळवारी बंद असतं, म्हणून आमचा वर्ग मंगळवारी, दिवसभर. त्यांनी कागद वाचला, एकमेकांकडे बघितलं, आणि त्यांच्यातल्या वयस्कर भाऊंनी मान डोलावली. "बाई, हे तं आमच्या गेटावरचेच नियम हायत. टायमावर या, मोबाईल जमा करा, खाऊ नका, गाडीतून उतरू नका. फक्त वाघ नाई इथी."

मागून दुसरा पुटपुटला, "हाय ना. समोर उभी हाय."

मी ऐकलं. हसू आलं म्हणून पटकन फळ्याकडे तोंड केलं.

त्या चौघांत एक बाई होती. चाळिशीची, जंगलाच्या काठावरच्या गोंडांच्या गावातली. घरी गोंडी, शाळेत मराठी, गेटावर हिंदी, आणि आता ही चौथी. बारावीची परीक्षा तिने आपल्या मुलीबरोबर दिली होती. मी तिला ताई म्हणायची, ती मला बाई. ती एक मिनिट कधी उशिरा आली नाही. तिची वही बघितली की माझं डोकं शांत व्हायचं, इतकी नेटकी. क्रियापदांची रूपं तर कॉलेजच्या पोरांनी तिच्याकडून घोकावीत.

मी एकदा विचारलं, "ताई, तुम्हाला कशाला हो ही भाषा?"

ती म्हणाली, "स्पेनचे पावने येते ना बाई, त्याहिच्यासंगं दिल्लीचा दुभाषा राह्यते. मी अर्धा घंटा सांगतो अन् तो दोन शब्दात आटपते. पावने मुंड्या हालवते. मले समजते, त्यानं काहीच नाई सांगतलं. मले माह्या तोंडानं सांगाचं हाय."

पुढच्या पावसाळ्यानंतर गेटावर परदेशी भाषा येणाऱ्या गाईडांची वेगळी यादी लागणार होती. ज्याच्याकडे सर्टिफिकेट, त्याचं नाव यादीत, आणि तसे पाहुणे त्याच्याच गाडीत. तिला त्या यादीत यायचं होतं. त्यासाठी तोंडी परीक्षा पास व्हायची होती. आणि तिथेच सगळं अडत होतं, कारण ही बाई कुजबुजायची.

हळू बोलायची असं नाही म्हणत मी. कुजबुजायची. बाकीचे तीन गाईडही पहिले दोन आठवडे दबक्या आवाजात बोलले. जंगलात बोलून बोलून तशी सवय होते. पण मी चार वेळा ओरडल्यावर त्यांचे गळे मोकळे झाले. हिचा होईना. उत्तर बरोबर असायचं, हे मला तिच्या ओठांवरून दिसायचं, आणि दुसऱ्या बाकावरच्यालासुद्धा ऐकू जायचं नाही. "मास आल्तो, पोर फावोर!" मी ओरडायची. आणखी मोठ्याने, कृपया. त्यातली कृपा नावापुरती. ती मान हलवायची, श्वास घ्यायची, आणि तेच उत्तर तितक्याच हळू द्यायची.

एका मंगळवारी माझं टाळकं सरकलं. चिडले की माझी पुस्तकी मराठी गळून पडते, आणि मराठी बाहेर ठेवायचा माझाच नियम तर त्याआधीच गेलेला असतो. सगळ्या वर्गासमोर मी म्हटलं, "ताई, मूग गिळूनच बसाचं होतं तं इतक्या दुरून आल्या काऊन? घरीच बसाचं ना!"

तिने 'लो सिएन्तो' म्हटलं, म्हणजे माफ करा. तेही मला ओठांवरूनच कळलं. मला वाटलं आता ही पुढच्या वेळी येत नाही. पुढच्या मंगळवारी दहाला पाच कमी असताना ती आपल्या जागेवर बसलेली होती, वही उघडून. ती आली नसती तर मला बरं वाटलं असतं, असं आज लिहिताना कबूल करते. मग चूक तिची ठरली असती.

परीक्षेला महिना उरला तेव्हा मी तिला इमारतीमागच्या मैदानात नेलं. तिला एका टोकाला उभं केलं, मी पन्नास पावलं चालून दुसऱ्या टोकाला. "ओरडा!" मी ओरडले. "काहीही ओरडा!" तिने छाती भरून घेतली. तोंड उघडलं. मग तसंच मिटलं. मी तरातरा परत आले.

"काय होतं नेमकं?"

"नाई येत बाई. सवय हाय."

"घरी लेकरांना हाक कशी मारता?"

"जवळ जाऊन."

मी हात टेकले. वयस्कर गाईड भाऊंनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "बाई, तिच्यापुरता तेवढा नियम सोडा ना." मी म्हटलं, भाऊ, एकीला सोडला की नियम राहतो कुठे? नियम म्हणजे नियम. आज वाटतं, कोणाच्या बापाचा नियम होता तो?

ते मंगळवार मला फार आठवतात. कोर्स दोन-तीन वर्षांत बंद पडला. आता मी घरी बसून कॉम्प्युटरवर शिकवते. मुलं कुठकुठली, आवाज बंद करून बसलेली, चौकोनात नुसती नावं. कोणी उशिरा आलं तर कळतही नाही. दार नाही तर बंद काय करणार? दुपारच्या सुट्टीत चौघं गाईड डबे उघडायचे आणि मला बोलवायचे, आणि मी नियम म्हणून त्यांच्यात बसायची नाही. मोहफुलांच्या दिवसांत ताईने एकदा मोहाची भाकर आणली होती, माझ्यासाठी वेगळी बांधून. मी ती टेबलावर ठेवली आणि घरी जाऊन खाल्ली. तिथेच, त्यांच्याबरोबर बसून खायला काय झालं होतं मला? मूर्ख होते, दुसरं काय.

तोंडी परीक्षा मे महिन्यात आली. नागपूरहून एक वयस्क सर परीक्षक म्हणून आले. मी त्यांना माझा नियमांचा कागद दिला आणि मोठ्या अभिमानाने शेवटच्या बाकावर बसवलं. विद्यार्थ्याने फळ्यापाशी उभं राहायचं, चिठ्ठी उचलायची, त्या विषयावर पाच मिनिटं बोलायचं. पारा सत्तेचाळीसच्या पुढे. खिडकीत लोखंडी कूलर होता, जुना, विमान उडावं तसा घरघरणारा. तो होता म्हणून आम्ही जिवंत होतो.

ताईला चिठ्ठी निघाली: 'मी न विसरलेला दिवस'.

ती उभी राहिली. ओठ हलू लागले. सरांनी कानामागे हात धरला. "मास आल्तो!" ते म्हणाले. तिने श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली. कूलर घरघरत होता. "मास आल्तो, सेन्योरा!" तिसऱ्यांदा तिचा आवाज मध्येच तुटला आणि ती थांबली. साडीचा पदर बोटाला गुंडाळत उभी राहिली. सरांनी माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि पेनाचं टोपण काढलं. ते काय लिहिणार हे मला माहीत होतं. जाड अक्षरांत मीच छापून दिलं होतं.

परीक्षा चालू असताना शिक्षकाने जागचं हलायचं नसतं. मी उठले. खिडकीपाशी गेले आणि कूलर बंद केला. मग पंखे.

घरघर हळूहळू मेली. उकाडा असा आत आला, जणू कोणीतरी भट्टीचं दार उघडलं. सावलीचा पोरगा "मॅडम, मरतो ना आपण—" म्हणायला लागला, आणि अर्ध्यात थांबला. कारण तिन्ही गाईड एकदम पुतळे झाले होते. वाघ जवळ असल्याचा चितळाचा कॉल आला की गाडीत बसतात तसे. मान जराशी वळलेली, श्वाससुद्धा आखडता. त्यांच्याकडे बघून बाकीचेही गप्प झाले. कपाळावरचा घाम पुसायला कोणी हात वर नेला नाही.

आणि ती बोलायला लागली. मला पहिल्यांदाच तिचं सगळं बोलणं ऐकू आलं. साधी, लहान वाक्यं.

मी गाईड झाले ते पहिलं वर्ष. मे महिना होता. जंगलातली बोडी, म्हणजे लहान तळं, आटली होती, मधोमध थोडं पाणी होतं. आम्ही गाडीत वाट बघत होतो. एक वाघीण आली. तिच्यामागे तीन पिल्लं. मी कधी पिल्लं बघितली नव्हती. मला फार आनंद झाला. मी ओरडले.

शेवटच्या बाकावरचे सर उठले. एक बाक पुढे येऊन बसले. मग आणखी एक. पाऊल वाजू नये म्हणून पाय उचलून टाकत होते.

वाघिणीने माझ्याकडे बघितलं, ताई सांगत होती. तिने पाण्याला तोंड लावलं नव्हतं. ती वळली. पिल्लंही वळली. आम्ही दुपारच्या फेरीला परत आलो आणि अंधार पडेपर्यंत थांबलो. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. त्या उन्हाळ्यात मी तिला पुन्हा बघितलं नाही. त्या दिवसापासून माझा आवाज वर जात नाही.

सर आता पहिल्या बाकावर होते, तिच्यापासून हातभर अंतरावर. त्यांनी प्रश्न विचारला, "इ देस्पुएस?" आणि मग? तोही कुजबुजत.

"नो से," ती म्हणाली. मला माहीत नाही.

पुढचा नंबर सावलीच्या पोराचा होता. तो फळ्यापाशी गेला आणि त्याचाही आवाज निघाला तो दबकाच. मला वाटतं त्याला ते कळलंही नाही. शेवटच्या विद्यार्थ्यापर्यंत कोणी कूलर लाव म्हणालं नाही.

ती पास झाली ते जूनमध्ये कळलं, पावसाळ्यानंतर यादीत नावही लागलं. पण त्या दुपारी निकालाचं कोणाच्या मनात नव्हतं. मी बाहेर आले तेव्हा ती व्हरांड्यातल्या माठापाशी एकटी उभी होती. वर्षभर ज्या बाईवर मी 'मास आल्तो' म्हणून तोंड टाकलं, तिने ते सगळं कसं झेललं असेल?

"ताई," मी म्हटलं, "मी तुमच्यावर लई ओरडली हो."

तिने पेला भरून माझ्या हातात दिला. कुजबुजत म्हणाली, "ओरडल्या तं ओरडल्या, बाई. मी कुठी पळून गेलो?"