अनुमानाची रिकामी जागा

सर अनुमानाची जागा रिकामी सोडत. शनिवार पेठेतल्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि प्रयोगवही तपासताना सगळ्यात आधी शेवटची ओळ पाहत. निरीक्षणाखाली जे दिसले तेच हवे, आणि त्यातून काही ठरत नसेल तर अनुमानापुढे 'अद्याप नाही' एवढेच लिहायचे, हा त्यांचा नियम होता. आठवीत मी द्रावणाचा रंग निळा झाल्याचे लिहिले. परीक्षानळीत प्रत्यक्षात काहीच झाले नव्हते.

"निळा तुला दिसला?" सरांनी विचारले.

"नाही सर, गाईडमध्ये आहे."

"छान. मग मार्क गाईडला देतो."

मला शून्य मिळाले. पुढे मी वर्तमानपत्रात गेले. एका दैनिकाच्या संकेतस्थळावर कोणती बातमी जाईल, हे आज मी ठरवते.

निवृत्तीनंतर सर हडपसरला एका सोसायटीत राहायला गेले आणि तिथे त्यांनी ब्लॉग सुरू केला. टाइप करणे त्यांना येत होते, पण नको होते. ते शंभर पानी वहीत हाताने लिहीत आणि पानाचा फोटो काढून टाकत. प्रत्येक पानावर तीन मथळे असत: निरीक्षण, ऐकीव, अनुमान. विषय आसपासचे. खणून ठेवलेला रस्ता, बंद पथदिवा, बसथांब्याचे उडालेले छप्पर. खड्ड्याची खोली ते शाळेतल्या लाकडी फूटपट्टीने मोजत. अक्षर फळ्यावरचेच, गोल आणि सुटे. वाचक थोडे होते, पण किराणा दुकानदारापासून क्षेत्रीय कार्यालयातल्या कारकुनापर्यंत होते. सरांच्या पानावर आले म्हणजे तसे आहे, असे परिसरात मानले जाई.

लोक त्यांना फोनवर बातम्या पाठवत. सर प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहून येत. जे पाहता येत नसे ते 'ऐकीव'खाली जाई. "लोक बातमी घेऊन येतात, डोळे घरी ठेवून," ते म्हणत. त्या काळात आमच्या कार्यालयात उत्साह होता. यापुढे प्रत्येक नागरिक वार्ताहर होईल, बातमी कुणा एकाच्या मालकीची राहणार नाही, असे आम्ही बैठकांतून बोलत असू. मीही बोलत असे. वाचकांच्या बातम्यांसाठी वेगळे पान सुरू केले तेव्हा त्यात लिहिण्याची विनंती मी सरांना केली.

"तुमच्याकडे अनुमान रिकामं सोडता येतं का, संपादकबाई?"

"मथळा तर द्यावाच लागतो, सर."

"मग राहू दे."

एका उन्हाळ्यात त्या भागात जुलाब-उलट्यांची साथ आली. सरांनी पान लिहिले. निरीक्षण: आमच्या इमारतीत चार घरांत माणसे आजारी; दोन घरे जारचे पाणी पितात, दोन नळाचे. ऐकीव: दत्ताभाऊंच्या जारचे पाणी खराब आहे, असे लोक म्हणतात. अनुमान: अद्याप नाही. दत्ताभाऊ तिथल्याच गावठाणातले. शेतजमीन टाउनशिपमध्ये गेल्यावर त्यांनी एका गाळ्यात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसवले होते आणि ते सोसायट्यांना जार पुरवत होते.

कुणीतरी त्या फोटोतला मधला तुकडा कापून घेतला. 'ऐकीव' हा मथळा वर राहिला. 'असे लोक म्हणतात' हे शब्द पुढच्या ओळीवर गेले होते, ते खाली राहिले. उरले ते एकच वाक्य, सरांच्या अक्षरातले. दुपारपर्यंत ते तीन वेगवेगळ्या व्हॉट्सअॅप गटांतून माझ्या फोनवर आले. मी अक्षर ओळखले. ओळखले म्हणूनच सरांना फोन केला नाही. अक्षर अनोळखी असते तर चौकशी केली असती. 'जारच्या पाण्यामुळे साथ?' असा मथळा देऊन, सरांच्या ब्लॉगचा हवाला देऊन मी बातमी संकेतस्थळावर टाकली. मजकुरात दत्ताभाऊंचे नाव होते. प्रश्नचिन्ह लावले की बातमी सुरक्षित होते, असा आमच्या व्यवसायात समज आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायट्यांच्या फाटकांपाशी भरलेले जार परत काढून ठेवलेले होते. दत्ताभाऊ सरांच्या दारात आले. त्यांचे बोलणे सरांनी वहीत उतरवून ठेवले होते.

"सर, लोकं तुमचं लिवलेलं मानत्यात. मग ते खोटं हाय असंबी तुमीच लिवा."

"खोटं आहे हे मला अजून माहीत नाही, दत्ताभाऊ. पाहून लिहितो."

"कवा पाहनार?"

"आजपासून."

"तवर मी काय करू?"

सरांनी त्यांच्याकडून एक जार घेतला आणि त्या दिवसापासून तेच पाणी प्यायला सुरुवात केली. ब्लॉगवर रोज एक ओळ: जारचे पाणी प्यायलो, प्रकृती ठीक. सोसायटीच्या गटावर कुणीतरी लिहिले, 'सरांना जार फुकट येतो वाटतं.' त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

अकरा दिवस सर फूटपट्टी घेऊन फिरले. मागच्या रस्त्यावर केबलसाठी खणलेल्या चरात पिण्याच्या पाण्याची वाहिनी फुटलेली होती आणि तिच्या वीतभर अंतरावर ड्रेनेजची. नळाचे आणि जारचे पाणी त्यांनी प्रयोगशाळेत तपासून घेतले. मग पान लिहिले. अनुमान: साथ नळाच्या पाण्यातून, जार पिणारी घरेही भाज्या-भांडी त्यानेच धुतात; दत्ताभाऊंचे पाणी स्वच्छ. हे पान त्यांनी स्वतः सगळ्या गटांवर टाकले. दोन अंगठे आले. एकाने विचारले, "एवढं मोठं कोण वाचणार सर?" ते पान कुणी पुढे पाठवले नाही. मी आमची बातमी काढून टाकली. तोवर इतर चार ठिकाणी ती जशीच्या तशी उतरवून घेतलेली होती.

महिन्याभरात गाळा बंद झाला. दत्ताभाऊ खराडीला एका कंपनीच्या फाटकावर सुरक्षारक्षक म्हणून लागले.

गाळा बंद होण्याआधी एकदा मी सरांना भेटायला गेले. "या, संपादक. पाणी जारचं चालेल ना?" असे म्हणून त्यांनी भांडे पुढे केले. मी पाणी पिऊन होईपर्यंत ते थांबले.

"फोन का नाही केलास?"

"तुमचं अक्षर होतं, सर."

"म्हणजे तुला काहीच दिसलं नव्हतं. फक्त अक्षर दिसलं."

"हो."

ते फूटपट्टीवरची वाळलेली माती नखाने काढू लागले. "म्हणजे या वेळचं गाईड मीच," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी ब्लॉगवर पान टाकले नाही. काही महिन्यांनी ब्लॉग काढूनच टाकला. परिसरातले लोक रस्त्यात विचारत, सर, लिहीत का नाही? "पाहणं चालू आहे," ते सांगत. फूटपट्टीही पिशवीत असे.

सर गेल्या वर्षी गेले. सोसायटीच्या गटावर श्रद्धांजली आली. त्यांच्या फोटोखाली लिहिले होते: 'हडपसरमधील जार घोटाळा उघडकीस आणणारे निर्भीड सर.' हात जोडलेली चिन्हे मोजता येणार नाहीत एवढी होती. तसे काही झाले नव्हते, एवढेच मी तिथे लिहिले. कुणीतरी उत्तर दिले, "मॅडम, आजच्या दिवशी तरी वाद नको." वैकुंठ स्मशानभूमीत दत्ताभाऊ गणवेशातच आले होते. ते मागे उभे राहिले आणि तिथूनच ड्यूटीवर परत गेले.

गेल्या आठवड्यात मी फोनमधल्या एआय सहायकाला विचारले, हडपसरच्या त्या भागात साथ कशामुळे आली होती? उत्तर लगेच आले, शुद्ध मराठीत: 'एका स्थानिक पुरवठादाराच्या जारमधील दूषित पाण्यामुळे. ही बाब एका निवृत्त शिक्षकांनी उघड केली.' आधार म्हणून आमची बातमी उतरवून घेतलेले एक पान दिले होते. माझे प्रश्नचिन्ह वाटेत कुठेतरी गळाले होते. मी उत्तर शेवटच्या ओळीपासून वर पुन्हा वाचले, वही तपासतात तसे. त्यात कुठेही जागा रिकामी सोडलेली नव्हती.