खिडकीबाईंचे रविवार

गाव बघता बघता शहर झालं आणि जिकडे तिकडे एकसारख्या इमारती उभ्या राहिल्या. एकच नकाशा सगळीकडे गिरवायचा. वारा कुठून येतो, ऊन कुठे पडतं, याची पर्वा कोणाला? बाईंना होती. त्या आर्किटेक्ट. भेटेल त्याच्याशी खिडक्यांवर बोलायच्या, म्हणून लोक त्यांना खिडकीबाईच म्हणू लागले.

भाषणं देऊन कोणाचं मन वळेना, तेव्हा त्यांनी वेगळाच उद्योग आरंभला. रविवारी सकाळी चार माणसं गोळा करायची आणि एखाद्या छान बांधलेल्या जागी नेऊन नुसतं बसवायचं. कधी शाळेचा व्हरांडा, कधी कोणाचं दोन खोल्यांचं घर. "बसा. बरं वाटतंय का, एवढंच सांगा."

त्यांचा थोरला भाऊ बिल्डर. तो चिडवायचा, "अगं, लोक फूट मोजून घर घेतात. तुझा उजेड कुठल्या टेपने मोजू?"

वडील या भावाकडेच राहत, त्यानेच बांधलेल्या इमारतीत. आई गेल्यापासून ते गप्प गप्प असत. त्यांच्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीला नाक लावून उभी. दिवसाही दिवा लावावा लागे. भाऊ काही कमी पडू देत नव्हता, तरी बाबा कॉटवरून उठेनात.

एका रविवारी बाईंनी हट्टाने त्यांना वाचनालयात नेलं. तिथल्या खिडकीतून बसल्या बसल्या रस्ता दिसायचा, आणि तिचा कट्टा चांगला ऐसपैस होता. बाबा टेकले. कोवळं ऊन पायांवर आलं. थोड्या वेळाने शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला म्हणाले, "तो सायकलवाला बघा, आता आपटणार!" दोघं खुदुखुदु हसले. बाईंनी पटकन तोंड फिरवलं आणि उगीच पुस्तकं चाळायला घेतली.

दुपारी भाऊ न्यायला आला, तर बाबा उठायला तयार नाहीत. "जरा बस रे," म्हणाले. तो बसला. बाबा आपणहून बोलत राहिले, रस्त्यावरच्या माणसांबद्दल, मग आईबद्दल.

निघताना भाऊ बहिणीला हळूच म्हणाला, "घरी माझ्याशी बोलतच नाहीत गं. मला वाटलं, वय झालं."

"दादा, तू त्यांचं सगळं करतोस. खोली तेवढी चुकली."

नव्या इमारतीचा पाया खणायच्या आधी त्याने बहिणीला बोलावलं. दोघं कडाकडा भांडले. जिना अंधाऱ्या कोपऱ्यातून दर्शनी बाजूला आणायचा, तर प्रत्येक घराची एक खोली लहान होणार. भावाचा जीव खालीवर. शेवटी जिना पुढे आला. प्रत्येक वळणावर मोठी खिडकी आणि बसायला जागा.

बाबा तिथेच पहिल्या मजल्यावर राहायला आले. चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाला ते अडवून गप्पा मारतात. कामाच्या घाईत असलेले लोक आता लिफ्टने जातात म्हणे.

घर बघायला कोणी आलं की भाऊ आधी जिना दाखवतो. "कल्पना माझीच बरं का!" बहिणीच्या देखतच ऐटीत सांगतो.

"फार हुशार आहे आमचा दादा," बाई म्हणतात आणि पाहुण्यांना घेऊन वर चढू लागतात.