बेंबीच्या वरची गाठ

रेखाने तीन वेळा "ज्योती" म्हणून हाक मारली. बाकावरून कुणी उठलं नाही. चौथ्या हाकेला एका बाईने शेजारच्या मुलीला कोपराने ढोसलं, तेव्हा ती उठली. रेखा माझी रिसेप्शनिस्ट. चिठ्ठी माझ्या हातात देताना ती हळूच म्हणाली, "मॅडम, नाव खोटं दिसतंय." नांदेडमध्ये मी बरीच वर्षं सोनोग्राफी करते. खोटं नाव का दिलं जातं, ते आम्हा दोघींनाही सांगावं लागत नाही.

चिठ्ठी लोहा तालुक्यातल्या एका डॉक्टरांची होती. वय एकोणीस, अविवाहित, पाळी चुकलेली, उलट्या, पोट फुगलेलं. ओटीपोटाची सोनोग्राफी करावी.

मुलीबरोबर आई आणि मावशी होत्या. आई भिंतीकडे बघत उभी राहिली. बोलत होती ती मावशी. लघवीची टेस्ट घरी दोनदा केली होती, दोन्ही वेळा निगेटिव्ह आली होती. पण मुलीला दोन घास खाल्ले की उलटी होते, पोट वर आलंय, पाळी नाही, मग टेस्टवर विश्वास कसा ठेवायचा, असं तिचं म्हणणं. पोरगी लातूरला पोलीस भरतीच्या अकॅडमीत होती, होस्टेलवर राहायची. हे मावशीने अशा सुरात सांगितलं, की होस्टेल म्हटल्यावर पुढचं मी समजून घ्यावं.

मीही तेच समजून बसले होते. प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं यंत्र, मी आधी खालीच ठेवला. गर्भाशय नेहमीच्या आकाराचं, रिकामं. अंडाशय ठीक. चिठ्ठीत मागितलेलं काम दोन मिनिटांत संपलं. बाहेर अजून बारा-तेरा पेशंट होते. मी जेल पुसायला कागद उचलला.

मुलगी टेबलावर पाय सरळ करत नव्हती. गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. मी विचारलं, "दुखतं कुठं?" तिने बेंबीच्या वर हात ठेवला आणि म्हणाली, "हितून पाठीत जातंय."

प्रोब वर सरकवला. पडद्यावर एक काळी पिशवी दिसली. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं. पिशवी जठराच्या मागे होती, मोसंबीपेक्षा मोठी, आणि जठराला पुढे ढकलत होती. दोन घासांत पोट भरायचं कारण ते होतं. खाणंच थांबल्यामुळे वजन उतरलं होतं. पाळी चुकायला तेवढं पुरतं.

अशी पिशवी स्वादुपिंडातून होते. ही ग्रंथी जठराच्या मागे, मणक्यावर आडवी असते. पुढून जोराचा मार बसला की ती मणक्यावर चेपली जाते. कातडीवर ओरखडाही नसतो. आतून मात्र पाचक रस झिरपत राहतो, आणि तीन-चार आठवड्यांत शरीर त्याच्याभोवती भिंत बांधतं. सडपातळ तरुण मुलांमध्ये पोटावर चरबीचं कवच नसतं, त्यामुळे सायकलच्या हँडलचा दणकाही पुरतो.

मी आईला आणि मावशीला बाहेर बसायला सांगितलं. मावशी नाखुशीने गेली.

"पोटाला मार कधी लागला होता?"

मी प्रोब ठेवून दिला आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"पाच हप्ते झाले," ती म्हणाली. "कबड्डी खेळून राहिलो होतो. पकड करताना एकीचा गुडघा बसला."

दोन दिवस ती वाकून चालली होती. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी घरी पाठवलं असतं, आणि घरी आली की परत लातूरला कुणी पाठवणार नव्हतं. म्हणून गोळ्या खाऊन तिने धावणं चालू ठेवलं.

"आईला तरी सांगायचं."

"मला कुणी विचारलंच न्हाई लागलं का म्हणून. समदे दुसरंच विचारून राहिले."

मी दोघींना आत बोलावलं. गर्भ नाही, मार लागून गाठ झाली आहे, हे दोनदा सांगितलं. आई खाली बसली. मावशीने पर्समधून एक पाकीट काढलं. पाळी आणायच्या गोळ्या होत्या, मेडिकलवरून आणलेल्या. संध्याकाळी द्यायचं ठरलं होतं. त्या गोळ्यांनी गाठ गेली नसती. रक्तस्राव झाला असता, आणि उलट्यांचा दोष त्या गोळ्यांवर टाकून सगळे अजून आठवडाभर थांबले असते. गाठ तोवर फुटू शकत होती. पाकीट मी ठेवून घेतलं आणि म्हटलं, रिपोर्टवर आता खरं नाव हवं. आईने सांगितलं, "अर्चना."

लातूरच्या सर्जनना फोन केला. सीटी स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या बघून ते मला म्हणाले, भिंत अजून पातळ आहे, तीन आठवडे थांबू, तू दर आठवड्याला गाठ मोजत जा. तेल-तूप बंद. नाकातून नळी घालून पातळ अन्न.

दुसऱ्या आठवड्यात तिला थंडी वाजून ताप आला. गाठीतलं पाणी गढूळ दिसत होतं, म्हणजे आत जंतू शिरले होते. त्याच दिवशी लातूरला पाठवलं. तोंडातून दुर्बीण घालून त्यांनी जठराच्या मागच्या भिंतीतून गाठीत नळी बसवली. रस जठरात उतरू लागला. पाचव्या दिवशी तिने वरणभात खाल्ला आणि तो पोटात राहिला.

त्या वर्षीची भरती हुकली. शेवटच्या सोनोग्राफीला मुलगी चांगली भरली होती, पाळी सुरू झाली होती, गाठ उरली नव्हती. ती पुन्हा लातूरला जायचं म्हणत होती. रिपोर्ट घेताना आई घुटमळली.

"म्याडम, ते दुसरं काही नव्हतं, ते मराठीत लिहून देता का? पोटाचं आपरेशन झालं म्हणून गावात लई बोलून राहिलेत."

मी लेटरहेडवर लिहून दिलं, सही-शिक्का केला. त्याचा उपयोग झाला की नाही, मला ठाऊक नाही. फारसा झाला नसावा. अर्चना मात्र जून महिन्यात लातूरला गेली, हे मला आईनेच फोनवर कळवलं.

पोट दुखतं म्हणून तरुण मुलगा किंवा मुलगी आली, की आता मी आधी नातेवाइकांना बाहेर पाठवते आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत पोटाला काही लागलं होतं का, ते विचारते. चिठ्ठीत काहीही लिहिलेलं असो. बहुतेक जण नाही म्हणतात. विचारायला अर्धं मिनिट लागतं.