अर्ध्या दाढीचा पाहुणा

सौंसरच्या बस स्टँडजवळचा माझा सलूनवाला आमच्या टीमच्या षटकारवाल्या गड्याला दिवसभर शिव्या घालतो. गड्याची बॅट बरेच दिवस चाललेली नाही. "पाय हलवूनच नाही राहिला भाऊ! आला बॉल की घुमवली बॅट!" असं म्हणत तो वस्तऱ्यानेच फटका मारून दाखवतो आणि गिऱ्हाईक मान आत ओढून घेतं.

परवा खुर्चीत पांढुर्ण्याचा एक पाहुणा होता. एक गाल झाल्यावर तो सहज म्हणाला, "संपला तुमचा हिरो. बसवा त्याले घरी."

वस्तरा थांबला. गळ्याभोवतीचं फडकं निघालं. "उठा भाऊ. त्याले शिव्या आमीच देऊ."

पाहुणा अर्ध्या दाढीनिशी बाहेर पडला आणि मी त्या फलंदाजावर असा जळलो की विचारू नका! इतकी वर्षं मी या गावाला किस्से सांगून हसवतोय. माझ्यासाठी कोणी कोणाला असं उठवेल का?

खुर्चीत बसता बसता मी मुद्दाम म्हणालो, "लोक म्हणतात, माझ्या किश्श्यांत आता दम नाही राहिला."

त्याने ब्रश फेसात बुडवला. "ते त हाय, भाऊ," तो प्रेमाने म्हणाला आणि गड्याचा पाय कुठे अडकतो ते सांगू लागला.