‘ग्लोबल’ म्हणजे पारशिवनी

परदेशात शिकायला जायचंच तर जग बघायला मिळेल असा विषय घ्यावा, या हिशेबाने मी ‘जागतिक मानसिक आरोग्य’ निवडलं. पहिलं वर्ष अशा शहरात गेलं जिथे हिवाळ्यात भर दुपारी अंधार पडतो आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. वर्षअखेरीला प्रॅक्टिकम असतं. एखाद्या खऱ्या संशोधन प्रकल्पावर जाऊन काम करायचं आणि परत येऊन त्यावर अहवाल लिहायचा. केंद्रांमध्ये पेरू होतं, केनिया होतं, नेपाळ होतं. मी पेरू मागितलं. मोबाइलवर स्पॅनिशचे धडेसुद्धा सुरू केले. मग विभागाची मेल आली: अभिनंदन, तुमची निवड मध्य भारतातल्या नागपूर केंद्रासाठी झाली आहे.

माझं घर नागपूरला आहे. लकडगंजात बाबांची लाकडाची वखार आहे, आणि केंद्राचं ऑफिस तिथून ऑटोने जेमतेम दोन सिग्नल पलीकडे.

मी विभागातल्या बाईंना जाऊन भेटले. म्हटलं, मला जरा लांब कुठेतरी पाठवा ना. त्या गोड हसून म्हणाल्या, "पण हे खूप लांब आहे." त्यांच्या खुर्चीतून बघितलं तर खरंच होतं.

निघण्याआधी ‘स्थानिक संस्कृतीची ओळख’ हे सत्र सक्तीचं होतं. मला म्हणून सवलत नव्हती. दाराशी चपला काढायच्या, चहाला नाही म्हणायचं नाही, जेवताना डावा हात वापरायचा नाही, हे सगळं मी शिकले. शिकवणारे गृहस्थ एकदा जयपूरला जाऊन आले होते. माझ्या शेजारी क्लारा बसली होती, तीही नागपूरलाच निघालेली. उंच, नाकावर ठिपके, अतिशय मनापासून ऐकणारी मुलगी. तिने मला हळूच विचारलं, "मे महिन्यात तिथे हवा कशी असते?" मी म्हटलं, "कोरडी."

तर पहिली सूचना, तुमच्यापैकी कुणी असं काही ठरवत असेल तर: मे महिन्यात नागपूरला येऊ नका. विद्यापीठाच्या सुट्ट्या मे महिन्यात सुरू होतात, त्यामुळे जगाच्या मनाचा अभ्यासही मे महिन्यातच होतो, त्याला इलाज नाही. पण तुम्हाला निवड असेल तर जानेवारीत या, संत्री खा, जंगल बघा.

विमानतळावर आईने मला जवळ घेतलं, क्लाराकडे बघितलं आणि माझ्या कानात म्हणाली, "काहून वं, इतक्या दूर शिकाले गेली अन् त्यायनं तुले वापस घरीच पाठवलं?"

क्लारा आमच्याच घरी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी तिला तर्री-पोहे खायला नेलं. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दुसऱ्या घासाला तिने आणखी तर्री मागितली. त्या क्षणापासून बाबा माझ्यापेक्षा तिचे जास्त झाले. निघताना आईने दोघींच्या पर्समध्ये एकेक कच्चा कांदा टाकला, ऊन लागू नये म्हणून. क्लाराने तो खायचा कधी, असं विचारलं.

नागपूरहून पारशिवनीला जायला कामठी, कन्हान करत जबलपूर हायवेने निघायचं आणि आमडी फाट्यावर डावीकडे वळायचं. रस्ता चांगला आहे. एसटी मिळते, पण दुपारची टाळा. खिडकी उघडी ठेवली तर झळा येतात आणि बंद केली तर माणूस शिजतो. आम्हाला प्रकल्पाची जीप होती. तिच्या दारावर डोक्यातून रोपटं उगवल्याचं चित्र होतं. पारशिवनीत लॉजवर एक खोली घेतली होती, कूलरसकट. खोलीचं भाडं माफक आहे, पण कूलरमध्ये पाणी आपण भरायचं. खाली एक काकू पाटवडी-रस्सा आणि गरम पोळ्या वाढायच्या. ते जेवण या प्रवासात कुणीही चुकवू नये.

आता प्रकल्प काय होता ते सांगते. तालुक्यातल्या काही गावांत मनाच्या त्रासावर गप्पांचे गट चालवले जात होते. दर आठवड्याला प्रशिक्षित ताई यायच्या, बायका बसून बोलायच्या. तुलना करायला म्हणून बाकीच्या गावांत फक्त एक माहितीपत्रक वाटलं जायचं. वर्षभराने दोन्हीकडची मनं मोजायची. आमच्या वाट्याला माहितीपत्रकाचं गाव आलं. प्रश्नावली परदेशात बनलेली आणि मराठीत तिथल्याच कुठल्यातरी यंत्राने आणलेली. ‘मागील पंधरवड्यात आपणांस किती वेळा काठावर असल्यासारखे वाटले?’ असा एक प्रश्न होता, इंग्रजी ‘ऑन एज’चं शब्दशः भाषांतर. एका आजींनी खूप विचार करून विचारलं, "कोनत्या काठावर बापा? नदीच्या का धरनाच्या?" मी ऑफिसात फोन करून शब्द बदलू का विचारलं. समन्वयक सर म्हणाले, शब्द बदलला तर जगातल्या इतर काठांशी तुलना करता येणार नाही.

असेच फिरत आम्ही प्रमिलाताईंच्या घरी पोचलो.

चाळिशीच्या बाई. घर नीटनेटकं, दारात मोठं अंगण, भोवती काट्यांचं कुंपण. त्या ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. पूर्ण वेळ त्यांची नजर कुंपणापलीकडे होती. त्यांचे यजमान देवरावभाऊ आमच्यासाठी पाणी घेऊन आले आणि बाजूला उभे राहिले. मी प्रश्न वाचायला लागले. झोप लागत नाही? रोजच. छातीत धडधडतं? रोजच. काहीतरी भयंकर घडेल असं कारण नसताना वाटतं?

"कारन नसताना?" प्रमिलाताईंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मोहफुलं वेचाले गेलो होतो आम्ही. मी अन् माही जाऊ. ते माह्या बाजूले होती. मी टोपली उचलाले वाकली, अन् मंग ते नव्हती. वाघानं आवाजबी केला नाही पोरी."

मी कागदाकडे बघितलं. उत्तरासाठी तिथे चार चौकोन होते.

देवरावभाऊंनी पुढचं सांगितलं. तेव्हापासून ती अंगणाच्या बाहेर पडलेली नाही. बोअरिंगवर पाण्याला नाही, शेतात नाही. रात्री संडासला जायचं तर ते कंदील घेऊन उभे राहतात. झाडफूक करणाऱ्या जाणत्याकडे जाऊन आले, पूजा घातली. आता रोशनीचं, म्हणजे मुलीचं, लग्न आलंय. मुलाकडच्यांनी रामटेकला मंगल कार्यालय घेतलंय.

"माह्या पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकाले मी नसीन," प्रमिलाताई म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. "तुम्ही इतकं विचारलं. आता काय कराल?"

आता मला माहितीपत्रक द्यायचं होतं. मी ते दिलं. त्यावर पाइनच्या जंगलातून एक बाई हसत चालल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं: ‘रोज थोडा वेळ निसर्गात एकट्याने फिरा. मन प्रसन्न राहील.’

क्लाराला मराठी वाचता येत नव्हतं, पण चित्र कळलं. तिने ते पत्रक प्रमिलाताईंच्या हातातून अलगद काढून घेतलं आणि स्वतःच्या पिशवीत कोंबलं. प्रॅक्टिकमच्या नियमांत हे बसत नव्हतं.

बाहेर येऊन मी समन्वयक सरांना फोन लावला. ते म्हणाले, त्रास जास्त असेल तर रेफरल कार्ड द्यायचं, तशी सोय आहे. कार्डावर रामटेकच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता होता, तिथे आठवड्यातून एकदा मनाच्या डॉक्टर येतात. मी म्हटलं, सर, त्यांना अंगणातून बाहेर पडता येत नाही, पत्त्याचं त्या काय करतील? आपल्या जीपने नेऊ? ते म्हणाले, जीपमध्ये सहभागी व्यक्तीला बसवता येत नाही, विम्याचा प्रश्न येतो. शिवाय हे तुलनेचं गाव. आपण सोबत गेलो तर ती मदत झाली, आणि मदत झाली की तुलना बिघडली. "तुम्ही भावनिकदृष्ट्या गुंतताय," ते म्हणाले. "अहवालात लिहा, चांगलं प्रकरण होईल." परदेशातल्या आमच्या प्राध्यापकांना मेल केली. त्या एका परिषदेला गेल्या होत्या. तातडीचं काही असेल तर समन्वयकांशी बोला, असं उत्तर आपोआप आलं.

क्लारा लॉजच्या पायरीवर बसली होती. म्हणाली, "तुझ्या वडिलांकडे गाडी आहे."

डॉक्टर यायच्या त्या दिवशी बाबा सकाळीच जुनी कार घेऊन हजर झाले. अर्धं गाव अंगणाभोवती गोळा झालं. प्रमिलाताई दारापर्यंत आल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या. "नाही होत वं माह्याच्यानं." रोशनी समजावत होती. बाबांनी काही समजावलं नाही. त्यांनी गाडी मागे घेत घेत थेट अंगणात आणली, कुंपणाच्या काट्या मोडत, दार उंबऱ्याला टेकेल इतकी जवळ. मग देवरावभाऊंना म्हणाले, "कुंपणाचं मी पाहतो. वखारीत बल्ल्या पडल्या आहेत."

दुर्दैवाने त्या गाडीचा एसी माझ्या बारावीपासून बंद आहे. प्रमिलाताईंनी डोक्यावरून गोधडी घेतली आणि सगळ्या काचा वर करायला लावल्या. बाहेर नागपुरी मे महिना. आत बाबा, देवरावभाऊ, मागे त्या, मी आणि क्लारा. आमडी फाट्यापर्यंत क्लाराचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. प्रमिलाताईंनी तिचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. झाडी आली की गोधडीतून आवाज यायचा, "किती रायलं?" क्लाराला मराठीची दोनच वाक्यं येत होती. ती प्रत्येक वेळी तितक्याच मायेने विचारायची, "जेवलात का?"

मनसरच्या आसपास गोधडीतून वेगळा आवाज आला. मी घाबरले. बाई हसत होत्या. "इले सांग, जेवली म्हनाव मी. चार बार जेवली."

डॉक्टरबाईंनी नीट ऐकून घेतलं. गोळ्या लिहून दिल्या, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतील हे स्पष्ट सांगितलं. आणि रोज कुणाला तरी सोबत घेऊन अंगणापासून थोडं थोडं पुढे जायचं, भीती ओसरेपर्यंत तिथे थांबायचं, मगच परतायचं. जंगलात जायला कुणी सांगितलं नाही. "वाघाची भीती घालवायची नाहीये," त्या म्हणाल्या. "ती राहू द्या. बोअरिंगची घालवायची आहे." परतताना बाबांनी रामटेकला सगळ्यांना उसाचा रस पाजला. प्रमिलाताईंनी गाडीतच, काच दोन बोटं खाली करून घेतला.

लग्नाने गोळ्यांना पुरेसा वेळ दिला नाही. मंगल कार्यालयापर्यंत त्या बाबांच्या गाडीतून आल्या, पण माणसांचा लोंढा आणि मागची टेकडी बघून पाय खाली उतरेनात. मग रोशनीच उठली. मुलाकडच्यांची कुजबुज सुरू असताना ती नवऱ्याला घेऊन मांडवातून बाहेर आली आणि गाडीशेजारी उभी राहिली. भटजींना माइक सोडून उन्हात यावं लागलं, त्याबद्दल ते नाराज होते. मंगलाष्टकं झाली. प्रमिलाताईंनी काच पूर्ण खाली केली आणि दोन्ही हातांनी अक्षता टाकल्या. निम्म्या बाबांच्या सीटवर पडल्या.

लग्नात पाहुण्यांची गर्दी होती, त्यामुळे बातमी ऑफिसात पोचली. क्लाराला आणि मला सौम्य भाषेत खूप काही ऐकावं लागलं. मी ते नाकारलं नाही. तुलना खरंच बिघडली होती, आणि असे अभ्यास नीट झाले तरच गप्पांचे गट पुढे सगळ्या गावांत जातील, हेही मला कळतं. प्रमिलाताईंच्या गावात ते कधी जातील, एवढंच कुणाला सांगता आलं नाही.

आता लकडगंजात घरी बसून हे लिहितेय. क्लारा परत गेली, मी पुढच्या आठवड्यात जाईन. प्रॅक्टिकमचा निकाल आला: निरीक्षणशक्ती उत्तम, व्यावसायिक मर्यादा पाळण्यात सुधारणेला वाव. पेरू बघायचं राहून गेलं याची हळहळ आहे, खोटं कशाला बोलू. अभ्यासात पुढे टिकेन की नाही हेही नक्की सांगता येत नाही. पण प्रश्न विचारून झाल्यावर समोरचा माणूस ‘आता काय कराल’ म्हणू शकतो, ही धास्ती माझ्यात बसली आहे. ती घालवायला मी कुणाकडे जाणार नाही.

काल ऑफिसात सही करायला गेले तेव्हा समन्वयक सरांनी सांगितलं की प्रमिलाताईंना अभ्यासातून वगळलंय. कारणांच्या ठरलेल्या यादीत ‘लग्नाला नेलं’ असं काही नसल्याने त्यांनी त्यातल्या त्यात जवळचं निवडलं होतं: संपर्क तुटला.

संध्याकाळी फोन वाजला.

"काहून वं, तीन दिवस झाले, फोन नाही तुहा. बिमार आहे का?" मागे कुठेतरी बादली भरल्याचा आवाज येत होता. "आयक. बोअरिंगवर उभी आहे मी. हे घरी आहेत, मी एकटीच आली. आता बोलत राय माह्यासंग, घर येईपर्यंत ठेवजो नको."