लाकडी पाळण्याची करकर

परवा नातीबरोबर नव्या आकाशपाळण्यात बसले. गाद्या मऊ, आवाज नाही, भीती तर नाहीच. हा कसला पाळणा! उतरताना मात्र वंगणाचा वास आला आणि मुठेकाठच्या जत्रेतला तो लाकडी पाळणा आठवला. तो वर चढताना असा करकरायचा की आपण आता सुटत नाही, हे बसणाऱ्याला पक्कं कळायचं. खरा पाळणा तोच. एका वर्षी त्याच जत्रेत मला मुलगा दाखवायला नेलं होतं. मला बी.एड. करायचं होतं, म्हणून घरी गेल्यावर नकार सांगायचा, असं ठरवूनच मी त्याच्यासमोर पाळण्यात बसले. आमची पेटी अगदी वर गेली आणि पाळणा अडकला. खाली पाहते तर माझी आई त्याच्या आईला कुंकू लावत होती आणि वडील पेढ्यांचा पुडा सोडत होते. "अहो, तुम्हाला कोणी विचारलं का?" मी म्हटलं. "नाही," तो दांडा घट्ट धरून म्हणाला, "आणि तुम्हाला?" मी वाकून हात हलवत "नको, नको!" असं ओरडले. वडिलांनी खालून ओरडून धीर दिला, "घाबरू नकोस, आत्ता उतरवतात!" उतरवलं. बोलायला तोंड उघडलं, तोच आईने त्यात अख्खा पेढा कोंबला. "आजी, अजून एकदा बसू या?" परवा नातीने विचारलं. मी "नको" म्हटलं, ती "बरं" म्हणून चालू लागली आणि मी तिथेच उभी राहिले. नको म्हटल्यावर कोणी इतक्या सहज ऐकतं, याची मला अजून सवय नाही.